पहिल्या बरणीतला जांभळा रंग

आमच्या घरात बारसं असो की कोणाची पंच्याहत्तरी, जेवणं आटोपून माणसं सतरंजीवर पाय पसरून बसली की कोणीतरी म्हणतंच, "ती मुंगीच्या आम्लाची गोष्ट सांग ना." मग मी सांगतो. गच्ची, फुटबॉलचा ब्लॅडर, तेलाचा कापलेला डबा, सोडावाला. लोक ठरलेल्या जागी हसतात, मीही हसतो. दहा-बारा वर्षं सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झालीय. फक्त शेवटचा भाग मी सांगत नाही. तो सोडला की गोष्ट चांगली होते. इथे तो सोडणार नाही, त्यामुळे ही तितकी चांगली होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. प्राध्यापक शिकवतात आणि डेमॉन्स्ट्रेटर पोरांनी फोडलेल्या काचसामानाची नोंद ठेवतो, एवढा फरक. सासुरवाडीला माझी ओळख "हे कॉलेजात असतात" अशी करून देत. काय म्हणून असतात, हे कोणी सांगत नसे. पीएच.डी. झाली तर मी प्राध्यापक होणार होतो, नाहीतर निवृत्तीपर्यंत ब्युरेटा मोजणार होतो. वय तेहेतीस. म्हणून धुळ्याच्या एका सरांकडे नाव नोंदवलं.

विषय माझा मीच निवडला. कॉलेजच्या वाचनालयात परदेशी नियतकालिकाचा एक जुना अंक आला होता, त्यात एक लेख होता. हवेत जो कार्बन डायऑक्साइड असतो, जो चुलीतून, गिरणीच्या धुराड्यातून आणि आपल्या नाकातून बाहेर पडतो, तो पाण्यात सोडायचा. त्यात एक पांढरी भुकटी टाकायची, टायटॅनियम डायऑक्साइडची. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच. तिच्यावर तांब्याचे बारीक कण बसवायचे आणि वर ऊन पाडायचं. उन्हानं भुकटीतले इलेक्ट्रॉन जागे होतात, तांबं ते गोळा करतं आणि त्या निरुपयोगी वायूच्या हवाली करतं. वायूचं फॉर्मिक आम्ल होतं. लाल मुंगी चावल्यावर जे आग आग करतं ते. कातडी कमावायला लागतं, कापड रंगवायला लागतं, रबराला लागतं. म्हणजे धूर आत, माल बाहेर, आणि इंधन म्हणून ऊन.

ऊन! मी लेख वाचला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. जगात ज्यांना ऊन विकत घ्यावं लागतं अशा लोकांनी दिव्याखाली हा प्रयोग केला होता, आणि आमच्याकडे एप्रिलपासून माणसं डोक्याला उपरणं गुंडाळून त्याच उन्हाला शिव्या घालत होती. आईला मी समजावून सांगितलं की ही भुकटी म्हणजे उत्प्रेरक. लग्न जमवणाऱ्या मामासारखी. दोन्हीकडच्यांना एकत्र आणते, लग्न लावून देते, आणि आपण स्वतः जशीच्या तशी राहून पुढच्या लग्नाला मोकळी.

"फुकटनी जेवस ते येगळंच," आई म्हणाली. तिचं माहेर धुळ्याकडचं, साठ वर्षांत तिची बोली तसूभर हलली नव्हती.

मे महिन्यात कॉलेज बंद. प्रयोगशाळेला कुलूप. म्हणून प्रयोग मेहरूणमधल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर. पण मे महिन्यात खानदेशातल्या गच्चीवर रिकामी जागा मागणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कुरडया होतात त्यालाच कळेल. पूर्वेकडे बिबडे, मध्ये कुरडया, जिन्याजवळ सांडगे. आईनं काठीनं हद्द दाखवली.

"तुन्हा पावडरनी जागा तठे, टाकीना मांगे. इकडे यावानं नही."

माझा संसार टाकीमागे थाटला. भुकटी मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, पाण्यात भिजवायची, उन्हात ठेवायची, धुवायची, ताटात पसरून वाळवायची. लेखात लिहिलं होतं की नंतर ती भट्टीत, स्वयंपाकघराला स्वप्नातही येणार नाही इतक्या तापमानाला, चार तास भाजा. भट्टी कॉलेजात, कुलपात. मी पाण्याच्या टाकीला हात लावला, चटका बसला, आणि मनाशी म्हटलं, आपल्याला भट्टी कशाला हवी? मे महिन्यातलं जळगाव हीच भट्टी. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून ठेवलं. आजही तिथे आहे. लाल शाईनं अधोरेखित.

माझ्याबरोबर माझा मित्र होता. माझ्याच विभागात, माझ्यासारखाच डेमॉन्स्ट्रेटर, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि दहा वर्षांनी हुशार. दर रविवारी तो लुना फटफटवत यायचा आणि भरीत-पोळी खाऊन जायचा. माझ्या बायकोला वहिनी म्हणायचा, आईला अक्का. कामाची वाटणी पहिल्या दिवशीच ठरली. भुकटी करायची मी, तपासणी करायची त्यानं. तपासणीत एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची असते, तिला आम्ही ब्लँक म्हणतो. सगळा प्रयोग जसाच्या तसा करायचा, फक्त मुख्य गोष्ट वगळायची. इथे वायू वगळायचा. वायू नसतानाही जर आम्ल तयार झालं, तर ते वायूपासून झालेलं नाही, दुसऱ्याच कशापासून तरी झालंय, असा अर्थ. ब्लँक घेणं त्याचं काम. मी त्यात हात घालायचा नाही, आपल्या आवडत्या भुकटीवर आपलाच विश्वास बसू नये म्हणून. हा नियमही माझाच. तोही मला फार आवडला होता.

वायू मी सोडावाल्याकडून आणायचो. गोटी सोड्याच्या बाटल्या भरायला त्याच्याकडे सिलिंडर असायचं. मी फुटबॉलचा ब्लॅडर पुढे करायचो.

"सर, रोज हवा भरता," तो एक दिवस म्हणाला, "पण तुम्हाला खेळताना कोणी पाहिलं नाही."

"खेळतो," मी म्हटलं. "गच्चीवर."

"एकटेच?"

"सूर्याबरोबर."

त्यानं ब्लॅडरची दोरी जरा घाईनंच बांधून दिली.

तेलाचा पत्र्याचा डबा उभा चिरून मी त्याचा अर्धगोल आरसा केला. त्यात भुकटीचं पाणी भरलेला काचेचा चंबू, चंबूत नळी, नळीला ब्लॅडर. एक ते चार, भर उन्हात. नंतर पाणी गाळायचं आणि मित्रानं त्याची परीक्षा करायची. मॅग्नेशियमचा तुकडा टाकायचा, मग एक रसायन, मग जपून गंधकाम्ल. आम्ल तयार झालं असेल तर जांभळा रंग येतो.

पहिले दोन प्रयत्न वाया गेले, पहिला चंबू तडकला म्हणून आणि दुसऱ्यात ब्लॅडर निसटून फुर्र करत कुरडयांवर गेला म्हणून. तिसऱ्या दिवशी मी नव्यानं वाळवलेली भुकटी घेतली. चांगली पाव किलो केली होती. बरणीत भरून वर चिठ्ठी लावली होती, "पहिली". मित्रानं परीक्षानळी पांढऱ्या कागदापुढे धरली आणि रंग आला.

जांभळाच. वांग्याची उपमा सुचतेय, पण आमच्याकडे भरताची वांगी हिरवी असतात, म्हणून ती राहू द्या. टीपकागदावर टिपलेल्या जांभळ्या शाईसारखा म्हणतो. मित्र ओरडला, "भो! झालं! सूर्यानं केलं, भो!" आणि आम्ही दोन पदवीधर माणसं टाकीमागे एकमेकांना मिठ्या मारून नाचलो. आई आणि बायको कुरडयांपाशी उभ्या होत्या. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी ते पाहिलं आणि वाटलं, अभिमान. आई खाली जाऊन गूळ-शेंगदाणे घेऊन आली. माझ्या हातावर ठेवताना तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. तेही मी आनंदाश्रूंच्या खाती टाकलं.

ब्लँक घ्यायला गच्चीवर सोय नव्हती, कारण हवेतही थोडा कार्बन डायऑक्साइड असतोच. पाणी उकळून, नायट्रोजन सोडून नीट घ्यायला हवा होता. धुळ्याला सरांच्या प्रयोगशाळेत नायट्रोजनचं सिलिंडर होतं आणि मोठा दिवाही होता. गणपतीनंतर मित्र पहिल्या बरणीतली एक पुडी घेऊन धुळ्याला गेला. दोन दिवसांनी परतला.

"काय झालं?" मी जिन्यातच विचारलं.

"लागला रंग," तो म्हणाला. "सरांच्या दिव्याखालीपण लागला. चांगला लागला."

मी पुढे काही विचारलं नाही. काय विचारणार? ब्लँक त्याचं काम होतं, रंग लागला म्हणजे त्यानं सगळं पाहिलं असणार. बायकोनं त्या दिवशी त्याला भरितावर लोण्याचा गोळा जास्तीचा वाढला.

त्यानंतर सगळं चांगलंच चाललं होतं. हिवाळ्यात एका अधिवेशनात आमच्या कामावर निबंध वाचला गेला. वाचला मित्रानं, कारण माझं इंग्रजी उभं राहिलं की बसायला बघतं. निबंधावर त्याचं नाव आधी होतं, वर्णानुक्रमानं असं तो म्हणाला, आणि वर्णानुक्रमच तसा होता. मी रागावलो नाही. मी तर अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेला प्लास्टिकचं आवरण घातलं.

दुसऱ्या मे महिन्यात मात्र विचित्र होऊ लागलं. मी नवीन भुकटी केली. दुसरी बरणी, तिसरी, चौथी. रंगच येईना. पहिल्या बरणीतली चिमूट घेतली की जांभळा, बाकीच्यांचं पाणी. मी मोरचूद बदललं, पाणी बदललं, ताट बदललं. मला वाटलं माझा हात गेला. कुरडईचा चीक एखाद्या वर्षी बिघडतो तसं काहीतरी. हे मी जेवताना बोललोसुद्धा, अगदी याच शब्दांत. आईनं ताटातला भात दोनदा कालवला.

"आता त्या पहिल्या बरणीचाच प्रबंध करा," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तिला जपा म्हटलं."

जपली. कपाटात कुलपात ठेवली.

त्याच जूनमध्ये धुळ्याच्या कॉलेजात, सरांच्याच विभागात, व्याख्यात्याची एक जागा निघाली. मी अर्ज भरला. मित्र संध्याकाळी आला, अर्ज हातात घेऊन बराच वेळ वाचत बसला.

"भो, एक सांगू?" तो म्हणाला. "तू या जागेच्या मागे लागू नको. तुझी पीएच.डी. वर्षभरात होईल. मग तुला याच्यापेक्षा मोठी जागा मिळेल, विद्यापीठातसुद्धा. ही छोटी जागा माझ्यासारख्याला राहू दे. आपण दोघं एकमेकांसमोर मुलाखतीला बसायचं म्हणजे..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि आईनं पुढे केलेली बिबड्यांची ताटली घेतली.

मला भरून आलं. माझ्या भविष्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास असलेला माणूस समोर बसून बिबडे खात होता. मी अर्ज फाडला. त्याच्यासमोर फाडला, हा माझा नाटकीपणा. तो "अरे अरे" म्हणाला, पण हात पुढे केला नाही. ऑगस्टमध्ये तो धुळ्याला रुजू झाला. मुलाखतीत, तोच सांगत होता, सगळे प्रश्न आमच्या उन्हाच्या प्रयोगावर होते. त्याला बस स्टँडवर सोडायला मी, बायको आणि आई गेलो होतो. आईनं डबा दिला होता.

पुढच्या फेब्रुवारीत मी प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहीत होतो. सरांच्या दिव्याखाली प्रयोग नेमका किती तास झाला, तो आकडा हवा होता. मी बसनं धुळ्याला गेलो. मित्र वर्गावर होता. सर टेबलाशी बसून उत्तरपत्रिका तपासत होते. "कपाटात वह्या आहेत, बघून घ्या," ते म्हणाले.

मित्राची वही ओळखू आली. मी पानं उलटली. गणपतीनंतरची तारीख. त्याचं सुंदर, टपोरं अक्षर.

"भुकटी: पहिली बरणी. वायू: सोडलेला. रंग: गडद."

त्याखाली, दुसऱ्याच दिवशीची नोंद.

"ब्लँक. पाणी उकळून, नायट्रोजन सोडून. वायू: नाही. रंग: गडद. पुन्हा केला. रंग: गडद. चिमूटभर भुकटी चमच्यात तापवली. काळी पडली. जळक्या पोळीचा वास."

खाली सरांची सही.

मी ते तीनदा वाचलं. वायू नाही, रंग गडद. म्हणजे माझ्या बरणीतलं आम्ल धुरापासून झालंच नव्हतं. भुकटीत कोणतीतरी खाण्यासारखी वस्तू होती आणि ऊन ती कुजवून तिचं आम्ल करत होतं. आणि मित्राला हे दीड वर्षापासून माहीत होतं. अधिवेशनाच्या आधीपासून. अर्ज फाडला त्या दिवशी माहीत होतं. माझी पीएच.डी. वर्षभरात होईल असं तो म्हणाला, तेव्हा ती कधीच होणार नाही हे त्याच्या वहीत लिहिलेलं होतं.

"सर," मी विचारलं, "ही सही तुमची?"

त्यांनी चष्मा वर केला. "माझीच."

"मग तुम्ही मला..."

"अहो, मी सही करतो," सर म्हणाले. "वाचतो असं मी कधी म्हटलं?"

मित्र वर्गावरून आला. हातांना खडू. टेबलावर वही उघडी पाहिली आणि तो दारातच थांबला. मग आत येऊन हात पुसले, दोन्ही बाजूंनी, सावकाश.

"भो," तो म्हणाला.

"जळक्या पोळीचा वास आला तेव्हा तरी सांगायचंस. त्या घरच्या पोळ्या तू दर रविवारी खात होतास."

"सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण निबंध पाठवून झाला होता. म्हटलं अधिवेशन होऊ दे. मग ही जागा निघाली. म्हटलं मुलाखत होऊ दे. मग... मग इतका वेळ गेल्यावर तुला काय सांगायचं?"

"मी अर्ज फाडला तेव्हा तू समोर होतास."

"तू फाडलास," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी फाड म्हटलं नव्हतं." आणि मग, जरा चिडून, "ब्लँक तू का नाही घेतलास? बरणी तुझ्याकडे होती. दोन वर्षं."

याचं उत्तर साधं होतं. तो घेणार असं आपलं ठरलं होतं म्हणून. पण ते उत्तर त्याच्याच तोंडावर सांगायचं म्हणजे त्यालाच त्याचं नाव सांगण्यासारखं झालं असतं. सर उत्तरपत्रिकेवर खाली मान घालून गुण देत होते. मी वही मिटली आणि निघालो. उत्प्रेरकाबद्दल मी आईला जे सांगितलं होतं ते मला बसमध्ये पारोळ्याजवळ आठवलं. मामा लग्न लावून देतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. इथे मामाला कायमची नोकरी लागली होती.

एरंडोल येईपर्यंत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पोळी. माझ्या भुकटीत पोळी कुठून आली?

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बायको कणीक मळत होती, आई तूर निवडत होती. मी बूटही काढले नाहीत.

"पहिल्या बरणीत," मी म्हटलं, "पोळीसारखं काही पडलं होतं का?"

बायकोचे हात कणकेत थांबले. तिनं आईकडे पाहिलं. अगदी तसंच, गच्चीवर पाहिलं होतं तसं. त्या क्षणी मला कळलं की तो अभिमान नव्हता.

आई सूप बाजूला ठेवून म्हणाली, "चीक व्हता. मन्हा हातमाईन सांडाई गया."

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतात, वाटतात, गाळतात. खाली जो पांढरा घट्ट गाळ बसतो तो चीक. त्या मे महिन्यात आई चिकाचं पातेलं घेऊन टाकीमागून जात होती, कारण पुढची सगळी गच्ची तिनंच अडवली होती, आणि माझ्या ताटात वाटीभर चीक सांडला. तिनं चमच्यानं ढवळून सारखं केलं. वर स्वच्छ पंचा टाकला. वाळल्यावर माझ्या हद्दीत माझी पाव किलो भुकटी जशीच्या तशी, उलट जरा जास्तच दिसत होती.

"पांढरामा पांढरं," आई म्हणाली. "माले वाटनं काय फरक पडस. तू चिडशी म्हणून नही सांगं."

"आणि तू?" मी बायकोला विचारलं.

"आईंनी सांगू नको म्हटलं होतं."

"पावणेदोन वर्षं?"

"मला काय माहीत चिकानं रंग येतो?" तिचा आवाज चढला. "तुम्हीच नाचत होतात ना, सूर्यानं केलं, सूर्यानं केलं!"

"बरोबर. आणि बाकीच्या बरण्यांना रंग येईना, तेव्हा?"

तिनं कणकेचा गोळा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवला.

"तेव्हा आलं होतं मनात," ती म्हणाली. "आईंना म्हटलंसुद्धा. आई म्हणाल्या, आता तर मुळीच सांगू नको."

इथे, लग्नाच्या सतरंजीवर, सगळे खदखदून हसतात. आई होती तोपर्यंत तीही पदर तोंडाला लावून हसायची. मी त्या संध्याकाळी बुटांसकट बाहेर पडलो आणि मेहरूणच्या तलावाला चक्कर मारून आलो. मित्र एक वेळ समजू शकत होतो. त्याला नोकरी हवी होती, माणूस नोकरीसाठी काय काय करतो. पण या दोघींना माझ्या दुःखाचा कंटाळा आला असेल, भीती वाटली असेल, दया आली असेल, काहीही असो, त्यांनी दोन्ही उन्हाळे मला टाकीमागे उभं ठेवलं आणि वरून पाणी, सरबत, उपरणं आणून दिलं. उन्हात काळा ठिक्कर पडलेल्या माणसालाच घरात सगळ्यांत शेवटी कळलं. तलावाकाठी भेळवाला म्हणाला, "सर, आज ब्लॅडर नाही?" म्हणजे सोडावाल्यानं गावभर सांगितलं होतं, तेही मला त्या दिवशी कळलं.

आता तो शेवटचा भाग.

त्या मे महिन्यात मी एकदा, शेवटचं, प्रयोग नीट करायचं ठरवलं. प्रबंध वाचवायला दुसरा रस्ताच नव्हता. धुरापासून थोडंसं, अगदी थेंबभर आम्ल खरोखर तयार झालं असतं, तरी माझ्याजवळ लिहायला काहीतरी राहिलं असतं. प्राचार्यांच्या हातापाया पडून कॉलेजची किल्ली मिळवली. नवी भुकटी भट्टीत चार तास भाजली, लेखात सांगितलं तशी. पोळीचा वास नाही. मग गच्चीवर दोन चंबू. एकात सोडावाल्याचा वायू. दुसरा ब्लँक. त्यासाठी वरणगावच्या कारखान्यात असलेल्या मेव्हण्यानं ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून नायट्रोजन मिळवून दिला. या वेळी ब्लँक मी स्वतः घेतला. वायूच्या परीक्षानळीच्या गळ्याला लाल दोरा बांधला, ब्लँकच्या नळीला काही नाही. चार वाजता दोन्ही गाळून, दोन्हीत रसायनं घालून, पांढऱ्या कागदापुढे धरल्या.

मला काहीच ठरवता येईना. एक वेळ वाटे, लाल दोऱ्याच्या नळीत काहीतरी आहे. मग वाटे, दोऱ्याचाच रंग काचेत पडतोय. दोरा मुठीत झाकला तर दोन्ही सारख्याच.

आई कुरडया उलटवायला वर आली होती. तिनं वाकून पाहिलं. "माले तं दोन्हीमा पाणीच दिसस," ती म्हणाली. त्या फेब्रुवारीपासून ती मला सगळं खरं सांगायला लागली होती, अगदी विचारलं नाही तरी.

मग बायको आली. सरबताचा पेला कठड्यावर ठेवून माझ्याशेजारी उभी राहिली. माझ्या मुठीत दोरा झाकलेला होता, तो तिला माहीतच नव्हता.

"दिसतोय का काही?" मी विचारलं.

ती कितीतरी वेळ पाहत राहिली. एकदा नळ्यांकडे, एकदा माझ्या तोंडाकडे. उन्हानं तिचे डोळे बारीक झाले होते.

"दिसतोय," ती म्हणाली. "ह्या नळीत. फिका आहे, पण जांभळाच आहे." आणि तिनं बोट ठेवलं.

ती ब्लँकची नळी होती.

मी "हो ना" म्हटलं. सरबत प्यायलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात रंगाची खोली मोजणाऱ्या कलरीमीटरवर दोन्ही नळ्या पाहिल्या. काटा अर्धं घर हलला, पण पंखा सुरू केला तरी तो तेवढाच हलतो. वहीत लिहिलं, "वायू: रंग नाही. ब्लँक: रंग नाही." नोंदणी रद्द करण्याचा अर्ज सरांना पाठवला. आठवड्याभरात सही होऊन परत आला, अर्थात न वाचताच.

मी अजून डेमॉन्स्ट्रेटर आहे. मित्र पुढे दुसऱ्या विषयात डॉक्टर झाला. दिवाळीला त्याचं पत्र येतं, मी उत्तर देत नाही. बायको देते, खाली माझंही नाव घालून. पहिली बरणी माळ्यावर आहे. दर उन्हाळ्यात चीक काढायच्या दिवशी बायको जिन्यातून ओरडून विचारते, "तुमचं वर काही वाळत नाहीये ना?" आणि सगळे हसतात.

तिनं कोणत्या नळीवर बोट ठेवलं होतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. सतरंजीवर गोष्ट सांगताना ती समोर बसलेली असते म्हणून तेवढं सोडून देतो. तेव्हापासून आमटी कशी झाली, सदरा कसा दिसतो, माझी तब्येत कशी वाटते, यांतल्या कशालाही ती "छान" म्हणाली की मला आधी तिचं बोट दिसतं. हे छापून आलं की ती वाचेल. माझं सगळं लिहिलेलं ती वाचते आणि आवडलं म्हणते.